सत्काराच्या दिवशीची थंड चूल

माझी मावशी ताईबाई चोपड्याला राहते. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाच्याही घरी मयत झालं की तिथे पहिली भाकरी तिच्या हातची जायची. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून माती देऊन आल्यावर शेजारपाजारचे जेवण आणून देतात. त्याला कडू घास म्हणतात. ख्रिस्ती झालो तरी ही रीत आम्ही सोडली नाही. निरोप आला की मावशी चार दारं वाजवायची. "नूतन, तू पिठलं कर. शीतल, भात तुझ्याकडे. भाकरी मी पाहते." नाताळचं जेवण, चर्चची झाडलोट, आजाऱ्याचा डबा, सगळं तिच्यावर. कोणी आभार मानले तर म्हणायची, "देवानं हात काय बांगड्या भराले दिले?"

मागच्या वैशाखात तिचा नवरा, आमचे नवलकाका, गेले. उन्हं कलताना माणसं कबरस्तानातून परतली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बाया मावशीच्या गळ्यात पडून रडल्या आणि आपापल्या घरी गेल्या. यावलहून आलेले दीर दिलवरसिंग, जाऊ आणि म्हातारी सासू ओसरीत बसून राहिले. दिवस मावळला. भाकरी आली नाही.

मुद्दाम कोणी केलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, ताईबाईनं कुणाला तरी सांगितलंच असेल. कायम तीच सांगते ना! त्या दिवशी तीच रडत बसली होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी धुळ्याहून पोहोचले तेव्हा मावशी परातीत पीठ मळत होती. नवऱ्याला माती देऊन आलेली बाई! मी परात ओढली, तर माझा हात झटकून म्हणाली, "राहू दे. मले हे ध्यानात ठेवनं शे."

तिनं ठेवलं. दर रविवारी भक्तीला जायची, पण प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर’ ही ओळ आली की तोंड मिटून घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "देवासमोर खोटं कसं बोलू?"

दिवाळीनंतर उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायचा, रविवार आला. मंडळीचे सेक्रेटरी रुपचंदभाऊ घरी आले.

"अक्का, यंदा सेवा करणाऱ्या बायांचा सत्कार ठेवलाय. तुमचं नाव पहिलं!"

"आणि त्या दिवशीचं जेवण?"

"त्याला तुम्ही आहातच की!"

मावशी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली, "मी येते." भाऊ खुशीत चहा पिऊन गेले.

त्यांची पाठ वळताच मावशी नूतन आणि शीतलकडे गेली. "सत्कार शे ना आपला? मग नव्या साड्या नेसा. चुलीकडे कोणी पाहिलं तर मी तिच्याशी बोलणार नाही." त्या दोघी आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या. त्यांच्याही पोटात काही कमी साचलेलं नव्हतं.

रविवारी वेदीपुढे केळीचे घड, भोपळे, ज्वारीची कणसं मांडली होती. जळगावहून पाहुणे पाळक आले. अशा बहिणींमुळेच मंडळी उभी आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या, शाली झाल्या, फोटो झाले. मग सगळे मागच्या मांडवात गेले. चूल थंड, पातेली पालथी.

रुपचंदभाऊ धावत आले. "अक्का, जेवण कुठंय?"

"मी काय सांगू? आज मी पाहुणी."

"चेष्टा नका करू. जळगावची माणसं आहेत!"

"माझ्या घरी यावलची होती."

भाऊंना काही कळेना. तेव्हा मावशी खुर्चीवरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "यांना माती दिली त्या दिवशी बठ्ठी मंडळी, एकूण एक, गळ्यात पडून गेली. माझी सासू उपाशी बसली होती. भाकरी कोणी थापली, भाऊ? मी थापली."

नूतन उठायला लागली, तर मावशीनं तिचा पदर धरून खाली बसवलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताईबाई, क्षमा करा."

"करीन, साहेब. आज नाही."

मुलांनी वेदीपुढची केळी खाल्ली. पुरुषांनी चूल पेटवली, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले. पांढऱ्या शर्टातले रुपचंदभाऊ डाळ-तांदूळ धुवायला बसले, आणि त्यांची बायको कोणाकडे न बघता कांदे चिरत राहिली. मावशी शाल अंगावर घेऊन समोर बसली होती. डोळ्याचं पातंही लवू दिलं नाही.

खाली लागलेल्या खिचडीचं पहिलं ताट भाऊंनी तिच्यापुढे धरलं. "अक्का, चुकलं. माफ करा."

"माझी कशाला मागतोस? उपाशी बसली ती यावलची माणसं. तिकडे जा."

वाटलं, हे बोलण्यापुरतंच. पण सोमवारी भाऊ खरंच एसटीनं यावलला गेले. दुपारी दिलवरसिंगचा फोन आला, मी तिथेच होते.

"वहिनी, तो सेक्रेटरी आलाय. आईच्या पाया पडला, रडला. आता काय करू? स्वयंपाक होत आलाय."

"पानी दे," मावशी म्हणाली. "जेवाले इचारू नको. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसू दे त्याले ओसरीत."