खिंडीतली काटी

आमच्या गावामागच्या डोंगरात हल्ली पोरंपोरी हिंडायला येतात. पाठीला पिशव्या, हातात काठ्या, पायात हे एवढे बूट. जंगलखात्यानं दगडांवर पांढरे बाण काढून ठेवलेत. त्या बाणांच्या मागं मागं ती चढतात, खिंडीत जातात, फोटो काढतात आणि उतरतात. परवा त्यातल्या एकीनं मला विचारलं, "आजी, वरती बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "वाट आहे. तीच बघ." तिला वाटलं, म्हातारी खवट आहे. आहेच मी खवट. त्या वाटेपायी आमच्या घरानं काय सोसलं ते तिला कुठून ठाऊक असणार?

मी सांगते ते मोगलाईतलं. आमचं गाव भोकरदनकडचं, निजामाच्या राज्यातलं. डोंगर ओलांडला की पलीकडं वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. मधे ही खिंड. आम्ही मेंढरं राखणारी माणसं, थोडी कोरडवाहू जमीन होती ती नावाला. माझा बाप दिवसभर मेंढरांमागं चालायचा आणि चालता चालता चातीवर लोकर कातायचा. काळी आणि पांढरी लोकर एकत्र पिळून तो असं काही सूत काढायचा की बाजारात लोक लांबून ओळखायचे.

ही वाट त्यानंच सांभाळली होती. तसा त्याला कुणाचा हुकूम नव्हता. पावसाळा सरला की गवत कमरेइतकं वाढायचं आणि वाट पार बुजून जायची. मग बा विळा घेऊन निघायचा आणि दसऱ्याच्या आत खिंडीपर्यंत वाट मोकळी करायचा. मेंढरांना वाट लागत नाही, ती कुठूनही चढतात. ही सगळी खटपट माझ्या थोरल्या बहिणीसाठी होती. अक्काला पलीकडच्या गावात दिली होती. गाडीरस्त्यानं यायचं तर नाक्यानाक्यावर थांबत दोन दिवस मोडायचे. या वाटेनं सकाळी निघालेली अक्का दुपारच्या भाकरीला घरी.

खिंडीत शेंदूर फासलेला एक देव आहे आणि त्याच्याजवळ दगडांची रास. माहेराला येणाऱ्या बाईनं सासरच्या ओढ्यातला एक दगड आणून तिथं ठेवायचा, अशी रीत. अक्काच्या गावच्या ओढ्यात पांढऱ्या गारगोट्या सापडतात, आमच्याकडं सगळा काळा दगड. त्यामुळं राशीतली पांढरी गारगोटी म्हणजे अक्काची, हे शेंबडं पोरही सांगायचं. बा डोंगरात असताना अक्का आली, तर तो संध्याकाळी दारातूनच विचारायचा, "आली का आमची गारगोटी?" तिचं नावच त्यानं तसं पाडलं होतं. अक्का लटकी चिडायची आणि माय हसायची.

पलीकडून इंग्रज गेले, पण आमच्याकडं निजाम हटेना. मोगलाईच्या त्या शेवटच्या वर्षी सगळंच बिघडलं. गावं लुटल्याच्या, घरं पेटवल्याच्या खबरा रोज येत होत्या. खऱ्या किती आणि खोट्या किती कुणाला कळत नव्हतं. त्या संक्रांतीला अक्का आली आणि मायला सोडून तिचा पाय निघेना. शेवटी बा तिला खिंडीपर्यंत पोचवायला निघाला. मीही बरोबर होते. वर गेल्यावर तो एकदम म्हणाला, "आता सारखी सारखी येत जाऊ नको. सासरी ऱ्हा. तुझं घर आता तिकडं हाय."

काळजीनं बोलला होता. वाट बिनधोक नव्हती आणि लेक एकटी येणार. पण बाला गोड बोलणं कधी जमलंच नाही. तोंडाला येईल ते बोलायचा आणि मग मनात झुरत बसायचा. अक्का पदर सावरून खाली उतरली, एकदाही मागं वळली नाही. मला तेव्हाच वाटलं, बाचा शब्द तिच्या जिव्हारी लागला. मी बाला तसं म्हटलं तर तो माझ्यावरच खेकसला.

उन्हाळ्यात गावानं ठरवलं की गावात येणाऱ्या सगळ्या वाटा बंद करायच्या. खिंडीतली वाट बानं बंद करायची, कारण ती त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. आम्ही बोरीबाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून वर नेल्या. मेंढरांचा वाडा बंद करावा तशी बानं खिंडीचं पलीकडचं तोंड बंद केलं. बुडखे आपल्याकडं, काटे पलीकडं, प्रत्येक फांदीवर दगड. आणि शेवटची फांदी आपल्या काळ्यापांढऱ्या सुतानं बांधली. वाड्याला तो नेहमी तीच गाठ मारायचा.

"अक्का आली तं?" मी विचारलं.

"येत न्हाई आता ती," बा म्हणाला. "न्हाई म्हून सांगितलंय ना मीच."

पलीकडं निरोप द्यायलाही कुणी मिळालं नाही. खिंडीकडं फिरकायचं नाही, मेंढरंसुद्धा खालच्या माळावर ठेवायची, असं पाटलांनी बजावलं होतं.

आषाढात मायला ताप भरला. वैदू झाला, रेणुकाईला नवस बोलून झाला, तापाचं मागं हटायचं लक्षण दिसेना. मायचं एकच चालू, "थोरलीला आणा." बा पाटलांकडं गेला. पाटील माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "तू काटी काढून पल्याड गेला आन मागनं कुणी आत आलं, तं गावाला काय तोंड दाखवशील? जरा दम धर." तरी बा एका सकाळी घोंगडी खांद्यावर टाकून निघालाच. चावडीपुढं चार माणसांनी त्याला हात जोडून परत फिरवलं. त्यांच्याही घरात लेकीबाळी होत्या, त्यांना तरी काय म्हणावं?

मायला सगळं समजत होतं. आधी ती "थोरलीला आणा" म्हणायची, नंतर नुसतं म्हणू लागली, "काटी काढ रं. तेवढी काटी काढ." बा तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "काढतो." माझ्याच्यानं ते ऐकवायचं नाही, मी पाण्याला म्हणून बाहेर पडायची. श्रावणात माय गेली. शेवटी शेवटी तिची नजर दारातून हलत नव्हती.

भाद्रपदात राज्य बदललं. लोकांनी गूळ वाटला. आमच्या घरात तो तसाच पडून राहिला. बानं विळा उचलला आणि मला म्हणाला, "चल." गवत कापत कापत आम्ही खिंडीत पोचायला दोन दिवस लागले. काटी जागच्या जागी होती. पावसानं सूत मळलं होतं, गाठ तशीच होती. बानं पहिली फांदी उचलली आणि तसाच थांबला.

काटीच्या पलीकडं, बुडाशी, पांढऱ्या गारगोट्या होत्या. एक नाही, चार-पाच. काही चिखलात रुतल्या होत्या, एक वरच्यावर, धुऊन ठेवल्यासारखी. आतल्या राशीपर्यंत तिला येता आलं नव्हतं, म्हणून तिनं त्या बाहेरच ठेवल्या होत्या. बानं वरची गारगोटी उचलून हातात घेतली. त्याला रडताना मी मायच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

उरलेली काटी तशीच टाकून आम्ही पलीकडं उतरलो. अक्का अंगणात धान्य पाखडत होती. बाला बघून उठली, पाणी आणून दिलं आणि बाजूला उभी राहिली. सासूसमोर उभं राहावं तशी.

"तू आल्ती," बा म्हणाला.

"आल्ते."

"मंग हाक का न्हाई मारली? काटी का न्हाई वढली? चार फांद्या त व्हत्या."

अक्का म्हणाली, "दुसऱ्या कुणाची असती तं वढली असती बा. सूत तुझं व्हतं. गाठ तुझी व्हती. येऊ नको म्हनला व्हता तू. म्हटलं, ही बानं माझ्यासाठीच लावली. बापानं लावलेली काटी म्या कशी उचलू?" मग जरा थांबून म्हणाली, "राग गेला आसंल तुझा म्हून येऊन बघायची. गाठ तशीच असायची. माय तरी बरी हाय ना?"

बानं माझ्याकडं बघितलं. मायचं मीच सांगितलं.

त्यानंतर बानं काटीला हात लावला नाही. रोजची मेंढरं कोंडायची असली तरी वाड्याच्या तोंडाशी तो उभा राहायचा आणि काटी मी लावायची. वाट मात्र तो मरेपर्यंत कापत राहिला. अक्का पुढंही यायची. पण खिंडीत, जिथं ती काटी होती तिथं ती दर वेळी थांबायची आणि विचारायची, "येऊ का?" बाला हे कळलं तेव्हापासून सणावाराला तो सकाळीच वर जाऊन बसायचा, "ये" म्हणायला. बा गेल्यावर वर कुणी नसायचं. तरी ती थांबायची.

दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एकदा मी तिला आणायला गेले होते. खिंडीत आलो, मी पुढं आणि ती मागं. मागून पावलं वाजेनाशी झाली म्हणून वळून बघितलं, तर अक्का तिथंच उभी.

"येऊ का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ये की बाई, कुणी अडवलंय तुला?"

ती माझ्याकडं बघतच नव्हती. देवाजवळच्या दगडावर, जिथं बा बसायचा, तिकडं बघत ती बराच वेळ थांबली, आणि मग आत आली.