चिठ्ठीवरची तारीख

मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये रंगारी तेवीस वर्षं एकच काम करत होता. डब्याच्या अंगावर तपासणीची तारीख रंगवायची. सुपरवायझर चिठ्ठी देई, हा पत्र्याचा साचा लावून पांढरा ब्रश फिरवी. बायको थट्टेने म्हणायची, "अहो, आपल्या लग्नपत्रिकेपेक्षा तुमचे डबे सुबक!"

एके दिवशी गावाजवळून एक मालगाडी चालली होती; तिच्यात चुन्याची पूड होती. वळणावर एका डब्याचा आस मोडला आणि तो मागच्या नऊ डब्यांसकट उतारावरून थेट खालच्या गल्लीत आला. दोन दिवस पांढरा धुरळा हवेत तरंगत राहिला. झाडं, सायकली, दोरीवरचे कपडे, सगळं एका रंगाचं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं झोपेत चालावं तशी चालत होती. रंगारीही त्यातून चालत गेला, आणि आस मोडून कलंडलेल्या डब्यावर त्याला स्वतःचं अक्षर दिसलं. त्या डब्याखाली लाँड्री होती. लाँड्रीवाला इस्त्री करता करताच गेला.

तेव्हापासून भर दुपारी, उघड्या डोळ्यांना, त्याला डबे दिसू लागले. अजिबात आवाज न करता छपरांवरून जाणारे. जेवताना त्याचा घास हातातच राही.

खटला उभा राहिला. डब्याची मालक कंपनी म्हणाली, दुरुस्ती वर्कशॉपची. वर्कशॉप म्हणालं, गाडी रेल्वेने चालवली. रेल्वे म्हणाली, तारीख ताजी होती, आम्ही काय चाकाच्या पोटात शिरायचं?

"तारीख कोणी घातली?" कोर्टात वकिलाने रंगाऱ्याला विचारलं.

"मी."

"डबा तपासला होता?"

"आत आणलाच नव्हता, साहेब. बाहेर उभा होता, तसाच रंगवला. कंपनीला घाई होती म्हणे."

काम झालं की चिठ्ठीलाच ब्रश पुसून ती रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायची त्याची सवय होती. टर्पेंटाइनमध्ये भिजवून त्याने त्या दिवशीची चिठ्ठी सोडवली होती; ती त्याने कोर्टापुढे ठेवली. रंगाखालून सुपरवायझरची सही स्पष्ट दिसत होती, आणि कंपनीचा शेराही: तपासणी नंतर करू.

निकालात मालक कंपनी आणि वर्कशॉप, दोन्ही जबाबदार ठरली. रंगाऱ्यावर ठपका नव्हता.

"मग माझं काय?" त्याने वकिलाला विचारलं.

"तुमचं काय? सुटलात की!"

"पण मला माहीत होतं ना."

वकील घड्याळ बघत म्हणाला, "ते कायद्याच्या कामाचं नाही."

बायको म्हणाली, "लाँड्रीवाल्याच्या बायकोकडे जाऊन या एकदा. नाहीतर तुम्ही असेच हवेत राहाल."

लाँड्रीवालीने दोन घरं सोडून नवं दुकान मांडलं होतं. तो उंबऱ्यातच थांबला. "वहिनी, डबा तपासला नव्हता. मला ठाऊक होतं. तरी मी तारीख घातली."

तिची इस्त्री कॉलरपर्यंत गेली आणि थांबली. वाफ दोघांच्या मधून वर गेली.

"माफ केलं असं काही माझ्या तोंडून निघायचं नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू."

तिने इस्त्री बाजूला ठेवली. मग तिने टोपलीतून एक मोठी चादर ओढली आणि दोन टोकं त्याच्यापुढे केली.

"नीट धरा. एकटीला घडी घालता येत नाही."