चारनं गुणायचं राहिलं

"सीट सवलतीत भेटते. डोकं नाही भेटत."

सर हे साठ पोरापोरींसमोर बोलले. यवतमाळच्या आमच्या तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये, माझ्या खुर्चीमागं उभं राहून. सगळे हसले. रोज माझ्या डब्यातलं खाणारी मैत्रीणही हसली.

गुन्हा काय माझा? आमच्याकडं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची एक रीत आहे. सर फळ्यावर प्रोग्राम लिहितात. आपण तो टिंबासकट जर्नलमध्ये उतरवायचा, मशीनवर तसाच टाइप करायचा आणि सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. त्या दिवशी मराठी नावाची दुसरी प्रत करायची होती. मराठी अक्षरं, म्हणून वाइड कॅरेक्टर स्ट्रिंग, म्हणजे जास्त जागा घेणाऱ्या अक्षरांची माळ. मेमरीत जागा मागायची आणि तिथं नाव उतरवायचं. फळ्यावर नाव होतं 'अजय'. सगळ्यांनी 'अजय' टाकलं. मी जर्नलमध्ये आणि मशीनवर माझं पूर्ण नाव टाकलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. प्रोग्राम कोसळला.

सरांनी माझं आडनाव मोठ्यानं वाचलं. आम्ही बौद्ध, आडनावावरूनच कळतं. मग ते वाक्य आलं. वर म्हणाले, "नाव खोड. फळ्यावर आहे तसंच उतरव. पुढच्या तासाला सही."

मी खोडलं. घरी आर्णीला जाताना एसटीत मला माझ्याच हाताची किळस येत होती.

घरी मी ताट बाजूला सारलं. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती म्हणाली, "काहून जेवून नाही राह्यली?"

"सरानं माह्यं नाव खोडाले लावलं."

"खोडलं कोनं?"

"मीच."

आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात पुस्तक घेऊन बसले. सरांनी नावातली अक्षरं मोजली होती आणि तेवढेच बाइट, म्हणजे मेमरीतले तेवढेच कप्पे, मागितले होते. आमच्या मशीनवर अशा एका अक्षराला चार बाइट लागतात. चारनं गुणायचंच राहिलं होतं. मशीन मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा देतं, म्हणून 'अजय' निभावून जात होता. लांब नाव बाहेर सांडून शेजारची मेमरी नासवत होतं. वर्गात कुणीही आपलं पूर्ण नाव टाकलं असतं तरी हेच झालं असतं. कुणी टाकलंच नव्हतं.

पुढच्या तासाला मी उभी राहिले. "सर, जागा कमी मागितली आहे. चारनं गुणायला पाहिजे."

सरांनी फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. त्यांना कळलं. ती ओळ डस्टरनं पुसली, नीट लिहिली आणि "उतरवून घ्या" म्हणाले. साठ पेनं चालू झाली. एकानंही मान वर केली नाही. शी! मग मला टेबलाजवळ बोलावलं.

"वर्गात उलट बोललीस. माफी लिहून दे, सही करून टाकतो."

"नाही देत लिहून."

"वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

सही मिळाली नाही. मी प्राचार्यांना अर्ज लिहिला आहे. सरांचं वाक्य त्यात जसंच्या तसं आहे. साक्षीला कुणी यायला तयार नाही. ती मैत्रीण म्हणते, "मले नको ओढू त्यात." तुझी किळस येते, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

साक्षीदार नसला तरी सोमवारी अर्ज जाणार. प्राचार्यांच्या हातात मी देणार, आणि पोच मिळाल्याशिवाय त्यांच्या दारातून हलणार नाही.