तार की स्क्रू

कापसात पडून मान मोडून घेतलेला अख्ख्या वऱ्हाडात मी पहिलाच असेन. साठ सालानंतरची गोष्ट. वलगावच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि अंगात मस्ती मावत नव्हती. सुट्टीत अकोटला गेलो. तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाबा फिटर होते. दोस्तांना ऐट दाखवायला म्हणून जिनाच्या कठड्यावरून कापसाच्या ढिगात डोकं खाली करून उडी घेतली. कापूस मऊच होता, खोटं कशाला बोलू? पण त्याखाली कोणीतरी बैलगाडीचं जू विसरलं होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात कळलं, की मानेतले अगदी वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेत. डोक्याला लोखंडी चिमटा लावून त्याला बांधलेलं वजन पलंगामागे लटकत सोडलं. डॉक्टर म्हणाले, असं दीड महिना ताणून ठेवलं तर कापाकापी टळेल. हातपाय हलत होते. ते तसेच हलत राहावेत, एवढंच माझं मागणं होतं.

पण आमच्याकडे आजाऱ्याला नुसतं पाहून कोणी जात नाही, काहीतरी करून जातं. परतवाड्याहून आत्या डबा घेऊन आली. पाहते तर भाच्याच्या डोक्याला ओझं टांगलेलं. "पोराच्या डोक्याले धोंडा बांधला, दयामाया हाय का नाई यायले?" म्हणत तिनं अंगणातून विटा आणल्या आणि ते वजन त्यांच्यावर अलगद टेकवलं. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. पण ताण गेला तसे मणके पुन्हा सरकले आणि संध्याकाळपर्यंत डाव्या हाताची बोटं बधिर झाली.

डॉक्टरांनी आधी विटा फेकल्या, मग तोंड सोडलं. आता मणके तारेनं आवळावे लागतील, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मध्ये बसवावा लागेल, तरी हात वाचेलच असं नाही, म्हणाले.

तार म्हटल्याबरोबर बाबांचं डोकं फिरलं. "तारेनं कुंपन बांधतात, डॉक्टरसाहेब! स्क्रू काहून नाई लावत?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते बाभळीच्या ठोकळ्यांच्या दोन जोड्या घेऊन हजर. एक तारेनं आवळलेली, दुसरी स्क्रूनं. "पिळून पाहा." वॉर्डातल्या झाडून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी त्या पिळून पाहिल्या. घटकाभरात तारवाले आणि स्क्रूवाले असे दोन पक्ष पडले, निवडणूक असावी तशी. ज्याची मान होती त्याला मात्र कोणी विचारलं नाही.

डॉक्टरांनीही पिळून पाहिलं. "खरं आहे तुमचं. पिळलं की तार ढिली पडते, म्हणून तर वरून तीन महिने प्लास्टर. पण तिथून मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी आहे. स्क्रू जरा तिरपा गेला की पोरगा गेला."

"त भोक सरळ पाडा ना!"

"तुम्हाला भोक पाडताना आतलं दिसतं. मला नाही दिसणार."

बाबांनी ठोकळ्यांच्या दोन्ही जोड्या उचलून पलंगाखाली सारल्या. (पुढे बऱ्याच वर्षांनी मानेत त्याच जागी स्क्रू घालू लागले. बाबा असते तर त्यांनी आधी त्या डॉक्टरांचं घर गाठलं असतं.)

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर होतं. बाबांनी माझा डावा हात हातात घेतला होता.

"दाब."

मी दाबला.

"दाब म्हन्लं ना!"

"दाबूनच राहिलो, बाबा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही वाटलं, गेला हात. मग त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. आयुष्यभर नट-बोल्टांवर पाने फिरवून तिथं घट्ट्यांचे थर चढले होते, हलका दाब तिथं कळायचाच नाही. त्यांनी माझी बोटं उचलून आपल्या गालावर ठेवली.

"आता दाब."

मी गालाला चिमटा काढला. बाबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. गालावर नखं रुतली तरी ते म्हणतच होते, "आनखी. आनखी जोरानं."