पाय न टेकवता

कान्हेरीच्या रस्त्याची एक अडचण आहे. तिथे थांबायला कारण मिळत नाही.

एस. व्ही. रोडवर सायकल चालवताना पाय सारखा टेकावा लागतो. रिक्षा मध्येच वळते, बस अंगावर येते, सिग्नल लागतो. पाय टेकला तरी दोष आपला नसतो. बोरिवलीला नॅशनल पार्कचं फाटक ओलांडलं की ही सोय संपते. सुरुवातीला सकाळी फिरायला आलेले लोक असतात, हात गोल गोल फिरवणारे, मोठ्याने हसायचा व्यायाम करणारे. नदीवरचा पूल गेला की तेही विरळ होतात. पुढे साग, बांबू, मधूनच रानकोंबड्याचा आवाज आणि अधूनमधून लेण्यांकडे जाणारी पार्कची बस. रस्ता हळूहळू चढत जातो आणि शेवटी एका वळणानंतर एकदम अंगावर येतो. तिथे आपण, सायकल आणि आपले गुडघे एवढेच असतात. थांबलो तर आपणच थांबलो.

मी तिथे दोन वर्षं थांबत होतो, आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या छातीत गाठ निघाली. गाठ काढून तपासायला पाठवली आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. म्हणजे ती गुंगीत आत होती आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. आम्ही मूळचे कोकणातले. अशा वेळी आमच्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मी गावच्या देवीला नवस बोललो.

नवसात माणूस साधारणपणे नारळ बोलतो, ओटी बोलतो, फार तर कोंबडा. मला नारळ फार स्वस्त वाटला. बायकोच्या बदल्यात नारळ देणं म्हणजे देवीला फसवणं, असं काहीतरी डोक्यात आलं. त्याच्या आदल्या रविवारी मी नवी सायकल घेऊन कान्हेरीला गेलो होतो आणि शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलत नेली होती. ती चीड अजून उतरली नव्हती. मी मनात म्हणालो, ‘आये, रिपोर्ट चांगला येऊ दे. कान्हेरीचा चढ पाय न टेकवता चढेन.’ हे म्हटल्यावर मला बरं वाटलं. बायको आत पडलेली असताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी सायकलवर काय करत होतो, हे तिने कधी विचारलेलं नाही. मीच अधूनमधून स्वतःला विचारतो.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी दाखवत जा. देवीने तिच्या बाजूचं काम केलं होतं. आता माझी पाळी होती.

मी दर रविवारी जायला लागलो. वळणानंतर उजव्या हाताला एक पाटी आहे. तिच्यावर बिबट्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय की या भागात बिबट्यांचा वावर आहे, कृपया थांबू नये. माझा पाय बरोबर त्या पाटीखाली टेकायचा. कधी डावा, कधी उजवा. मग मी तिथे उभा राहून ती पाटी वाचायचो. मला ती पाठ आहे.

पहिले काही महिने वाटायचं, आज नाही तर पुढच्या रविवारी. मग मी हिशेब जुळवायला लागलो. मी पाय टेकला की बायकोला सर्दी व्हायची. सर्दी तिला पहिल्यापासूनच होते, पण आता मी ती माझ्या पायाशी जोडायला लागलो होतो. तिची सहा महिन्यांची तपासणी जवळ आली की माझी झोप जायची. तिला वाटायचं, मी तिच्या काळजीने जागा असतो. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

ऑफिसमधला एक मित्र दहिसरहून यायचा आणि आम्ही बरोबर सायकल चालवायचो. एकदा पाटीखाली उभं असताना मी त्याला सगळं सांगितलं.

“अरे मग टेकव ना पाय. इथे कोण बघतंय?”

“ती बघते.”

“देवी काय थर्ड अंपायर आहे काय, रिप्ले बघायला? वर जा, हात जोड, विषय संपव.”

“मला माहीत आहे ना, मी टेकला ते.”

“तुझी वाट लागलीय यार,” तो म्हणाला. मग त्याला दया आली असावी. “मागच्या चाकाला मोठी चक्री बसव. पायडल हलकं होईल.”

मी मोठी चक्री बसवून घेतली. पायडल खरोखरच हलकं झालं. पण सायकलही इतकी हळू झाली की ती सरळ धरणंच कठीण झालं, आणि पाटीपाशी मी दमल्यामुळे नाही तर तोल जाऊन पाय टेकला. शिवाय चक्री बदलली म्हणजे नवसातच बदल केला की काय, ही नवी काळजी लागली. एकदा रस्त्याच्या मधोमध एक माकड बसलं होतं. मी थांबलो आणि मला मनापासून आनंद झाला. आज दोष माकडाचा होता. पण ते माकड पाटीच्या पुढे बसलं होतं आणि माझा पाय पाटीखालीच टेकलेला होता.

शेवटी मी गावी काकांना फोन केला. आमच्या घराण्याचं देवळातलं सगळं तेच बघतात. मी विचारलं, बोललेला नवस बदलता येतो का.

“कसलो नवस?” काका म्हणाले.

मी सांगितलं.

“अरे, देवीक सायकलीतला काय कळता? नारळ बोलाक तुका काय झाला होता?”

“तेव्हा नारळ कमी वाटला, काका.”

“कमी वाटलो! मोठो शाणो इलो. आता बोललंस ना? मग फेड.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पण काकांना गोष्ट अर्धवट सोडायची सवय नाही. चार दिवसांनी त्यांनी नवस फिटला का म्हणून विचारायला घरी फोन केला. तो बायकोने घेतला.

मी ऑफिसमधून आलो तेव्हा ती कोकमाची सोलं भिजत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्या गाठीवर तू सायकलची पैज लावलीस?”

“पैज नाही. नवस.”

“मला विचारलंस?”

“तू गुंगीत होतीस.”

“नंतर तर शुद्धीत होते ना? दोन वर्षं?” ती आता वळली. “आणि म्हणून तू रविवारी तोंड पाडून येतोस होय? मला वाटलं, तुला घरी यायलाच आवडत नाही.”

हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हणालो की तसं काही नाही. ती म्हणाली, आता मला कळलंय. पण दोन वर्षं तिला तसं वाटत होतं, ते काही परत घेता येत नाही.

तिची पुढची तपासणी गुरुवारी होती. शनिवारी रात्री जेवताना ती म्हणाली, “उद्या मी येते. एकदाचं संपवू.”

रविवारी ती पार्कच्या बसने लेण्यांपर्यंत गेली आणि तिथून चालत खाली वळणावर आली. मी पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती, पायात रोजच्या घराबाहेर घालायच्या सॅंडल, पदर खोचलेला. मी थांबू शकत नव्हतो, म्हणून नुसती मान हलवली. ती माझ्या बरोबर चालायला लागली. तिला चालायला काही त्रास होत नव्हता. माझा वेग तेवढाच होता.

“नवसात ‘एकट्याने’ असं होतं का?” तिने विचारलं.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने सीटच्या मागे हात लावला आणि ढकलायला सुरुवात केली.

पाटी आली आणि मागे गेली. त्या पाटीच्या पुढे मी सायकलवर बसून पहिल्यांदाच गेलो. पुढचा रस्ता तसाच होता, पण मला तो नवा वाटला. आणखी थोडं वर गेल्यावर झाडांतून बस थांबते तिथलं छप्पर दिसायला लागलं. तेव्हा मला मागून तिच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. माझा स्वतःचा येत नव्हता. मला दम लागलेलाच नव्हता. जेवढा चढ होता तेवढा ती चढत होती, एकदा स्वतःचा आणि एकदा माझा. सॅंडल डांबरावर घसरल्याचा आवाज आला, मग परत श्वास.

“थांबू का?” मी विचारलं.

“गप बस. पायडल मार.”

छप्पर जवळ आलं होतं. मला जे हवं होतं ते तिथे होतं. थांबलो तर नवस मोडतो आणि गुरुवारी तपासणी. न थांबलो तर ती दमतेय, आणि तिच्याच तब्येतीसाठी दमतेय. मी आणखी थोडा वेळ पायडल मारलं. तेवढं मी मारायला नको होतं. मग डावा पाय टेकला.

ती सीटवर आदळता आदळता वाचली.

“काय झालं?”

“तुला दम लागलाय.”

“मग लागू दे की! अरे समोर होतं रे, समोर! आज पहिल्यांदा जमत होतं!” ती रस्त्याच्या कठड्यावर बसली. खूप चिडली होती. मी सायकल धरून उभा राहिलो.

श्वास खाली बसल्यावर तिने विचारलं, “नवसाचे शब्द काय होते? जसेच्या तसे सांग.”

मी सांगितले.

ती उठली, पदर नीट केला, कान्हेरीच्या डोंगराकडे पाठ केली आणि दक्षिणेकडे, म्हणजे गावाकडे, तोंड करून हात जोडले. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं पुरुष घालतात. बायका मागे उभ्या राहतात. तिचा सगळा जन्म मुंबईत गेला आणि मालवणी ती फक्त चिडल्यावर बोलते. आज ती चिडलेलीच होती.

“बा देवा म्हाराजा, आणि गे आमच्या गावच्या आये! ह्या माणसान दोन वर्सांमागे तुका नवस केल्यान. माका इचारूक नाय. जो चढ ह्येका झेपणा नाय, तो चढतंय म्हणान सांगल्यान. ह्येच्या पायात तेवढी ताकद नाय, पण मन वायट नाय. आज ह्येना पाय टेकल्यान तो माझ्यासाठी टेकल्यान. तर ह्यो चढ झालो असो समज, आणि ह्येका मोकळो कर. आणि परत असा काय बोलाक लागलो, तर ह्येची जीभ धर गे आये!”

“होय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी अशी साथ द्यायची असते, पण हे मी म्हटलं नव्हतं. लेण्यांकडून सायकलवर उतरणारे दोघं जण आमच्या बाजूने जात होते. त्यांचं गाव कुठलं हे विचारता आलं नाही, कारण ते थांबले नाहीत. उतारावर कोणी थांबत नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलं. “तू?”

“होय म्हाराजा,” मी म्हणालो.

“मोठ्याने.”

मी मोठ्याने म्हणालो. मग आम्ही सायकल ढकलत वर गेलो. तिने एका बाजूने धरली होती, मी दुसऱ्या. वर काकडी विकणाऱ्या बाईकडून काकडी घेतली, तिखट-मीठ लावून. बायकोने दोन फोडी जास्त खाल्ल्या. मी मोकळा झालो की नाही हे मला कळत नव्हतं. काकडी चांगली होती.

गुरुवारी आम्ही तपासणीला गेलो. तिला आत बोलावलं आणि मी बाहेर त्याच रांगेतल्या खुर्चीवर बसलो. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

“तोंड का हलतंय तुझं?”

“काही नाही.”

“मला दिसलं. ओठ हलत होते.” नर्स दार धरून उभी होती. बायको वाकून हळू आवाजात म्हणाली, “बोल बाबा, बोलायचं तर बोल. पण चालत जमेल असं काहीतरी बोल.”