पायगुणाची नीरा

रोज पहाटे उंबऱ्याबाहेर पडण्याआधी नीराबाई दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसायची. कपाळापासून हनुवटीपर्यंत, करपलेलं भांडं राखेनं घासावं तसा, जोर लावून. मग भरलेला हंडा डोक्यावर घेऊन थळच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. होड्या तिच्यासमोरून पाण्यात लोटल्या जायच्या. शेवटची होडी लाटांपलीकडे जाईपर्यंत तिनं हसऱ्या तोंडानं उभं राहायचं, असा कोळीवाड्याचा शिरस्ता होता. तो लावताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती श्रीवर्धनहून सून म्हणून आली, त्याच दिवशी तिच्या सासऱ्याच्या जाळ्यात इतका सरंगा आला की होडी एका अंगाला कलली. सासरा हरेश्वर तांडेल, कोळीवाड्यातला मोठा माणूस. तो घरी आला तेव्हा नवी सून गलबतातल्या ओकाऱ्यांनी अर्धमेली होऊन पडवीत झोपली होती. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं आणि पोरीचा पायगुण सोन्याचा आहे असं जाहीर केलं. एवढंच घडलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तिचे पाय तिचे राहिले नाहीत.

इतर बायका टोपल्या घेऊन अलिबागच्या बाजाराला जायच्या, भांडायच्या, हसायच्या, उन्हानं रापून घरी यायच्या. नीराला बाजार बंद. मर्तिकाच्या घरी जायचं नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, माहेरी तर होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्यावरच. महिन्याचे बाजूला बसायचे चार दिवस बाकीच्या बायकांना काच वाटायचे. नीरा त्यांची वाट बघायची. मासळी आली तर तिचा पायगुण. नाही आली तर पहाटे हिनं कुणाचं तोंड पाहिलं, नवऱ्याशी का भांडली, याची चौकशी. सासू वेणूबाई तर तिनं रात्री काय स्वप्न पाहिलं तेही विचारायची. नीरा सांगायची, भरपूर मासळी दिसली. रागानं तिचे दात एकमेकांवर रुतलेले असायचे, आणि सासूला ते हसू वाटायचं.

एका वर्षी नारळी पुनवेनंतर श्रीवर्धनच्या गलबतातून निरोप आला. आई अंथरुणाला खिळली आहे, लेकीचा ध्यास घेतला आहे. नीरानं सासऱ्यापुढे पदर पसरला. तांडेल म्हणाला, अमावास्येचं उधाण तोंडावर आलंय, उधाणातच तर जाळी भरतात. तेवढं होऊ दे, मग मीच पोचवतो. नवरा, बुधाजी, दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

ती थांबली. उधाणभर रोज पहाटे तोंड पुसून किनाऱ्यावर उभी राहिली.

उधाण ओसरत आलं तेव्हा नागावची रतन नावाची मासळीवाली दारात आली. तिनं नीराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हातारी सुटली गो बय. किती दिस झालं, तू मात्र गेली न्हाईस."

नीराला आधी समजलंच नाही. मग ती घरात गेली आणि बुधाजीसमोर उभी राहिली. त्याला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. आईचं सुतक धरलं असतं तर नीरा किनाऱ्यावर उभी राहू शकली नसती, म्हणून निरोप दाबून ठेवला होता.

"आबा म्हनाले, उधान सरू दे," बुधाजी म्हणाला.

म्हणजे आई राख होऊन गेली होती आणि लेक दर्याकडे बघून हसत होती. ती रडली नाही. इतक्या वर्षांत तिला तेवढं बरं शिकवलं होतं.

दुसऱ्या पहाटे तिनं तोंड पुसलं नाही. होड्या लोटायला माणसं खांदे लावून उभी होती. नीरानं हंडा उतरवला, त्यांच्या देखत सगळं पाणी वाळूत ओतलं आणि तो उपडा घातला. रिकाम्या हंड्यासमोरून दर्यात जाण्याची छाती एकाचीही नव्हती. तांडेल पुढे आला आणि गरजला, तुझ्यापायी आज कोळीवाडा उपाशी राहणार.

"पाय माझे हायेत," नीरा म्हणाली. "मासली दर्याची. मधी तुमी कोन?"

त्या दिवशी एकही होडी गेली नाही. घरी वेणूबाईनं तिला पायगुणाची अवदसा म्हटलं. बुधाजीनं हात उगारला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात तसाच खाली आला. मिळेल त्या गलबतानं ती श्रीवर्धनला गेली आणि आईच्या रिकाम्या खाटेवर बसून पोटभर रडली.

इकडे दुसऱ्याच दिवशी भुकेनं होड्या दर्यात ढकलल्या. मासळी आली, रोज येते तशीच.

पुढे नीरा आपणहून परतली, पण टोपली डोक्यावर घेऊन, बाजाराला जाणारी बाई म्हणून. लग्नाकार्याला तिला पुन्हा कुणी पुढे बोलावलं नाही आणि किनाऱ्यावर उभी राहा असंही कुणी म्हटलं नाही. राग मात्र सरला नाही. तांडेल वारला तेव्हा तिनं त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलं, सुतक पाळलं, पण डोळ्याला पदर लावला नाही. बाजारात तिची जीभ कोयत्यासारखी चालायची, आणि गिऱ्हाइकं तिच्याकडेच यायची.

काही वर्षांनी, एका कार्तिकात तिला हिवताप जडला आणि तो उतरलाच नाही. शेवटच्या दुपारी बुधाजी उशाशी बसून तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. तिनं ते बाजूला सारलं आणि दाराकडे मान वळवली.

"इथं काय बसलास? भायेर बोंबील वालत हायेत, कावले हाकल."