मामाच्या पेशी

मामाचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम रुसलेली. गिऱ्हाइकाची मान वस्तऱ्याखाली आली की मामाच्या तोंडाला लगाम नसे, आणि मानेवर पुरळ दिसलं की सल्ला फुकट. आई त्याला म्हणायची, "डॉक्टर, आधी स्वतःची दाढी करा."

आई त्याची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि मामाच्या पेशी तिच्याशी जुळतात असं कळलं, तेव्हा म्हणूनच स्वारी हवेत होती.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. आईचा मगज निकामी पेशीच काढत होता. तो औषधांनी मारायचा आणि मामाचा रुजवायचा. पांढऱ्या पेशी शरीराची राखण करतात. काही जंतूंना गिळतात, काही त्यांना जखडणारी द्रव्यं बनवतात. काही लहानपणी छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत शिकतात, आपलं कोण आणि परकं कोण. मग प्लीहेत, गळ्याकाखेतल्या गाठींत त्यांचा पहारा असतो.

"म्हणजे घसा सुजला की गळ्याशी गाठ येते, ती त्यांची?" मामाने विचारलं.

"हो. तिथे मारामारी चाललेली असते."

"माझ्या कुणाला हार जाणाऱ्या नाहीत," मामा म्हणाला.

नळीतून त्याच्या पेशी आईच्या अंगात गेल्या. जंतू लागू नयेत म्हणून ती काचेच्या खोलीत एकटी पडून राहिली. पुढे रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, तिला घरी पाठवलं, आणि मामाने त्या दिवशी दुकानात कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

मग तिच्या कानामागे लाली आली. ती मामानेच आधी पाहिली.

"साबण लागलाय, ताई. दुकानात रोज बघतो मी. बोभाटा करू नकोस, परत काचेत कोंडतील."

आईने ऐकलं, कारण त्या खोलीची तिला धास्ती होती. मामाने लहान मुलांचा साबण आणून दिला. दोन दिवसांत तळहात, तळपाय आग आग होऊ लागले आणि पोट बिघडलं ते थांबेना.

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मामाला म्हणाल्या, "साबण नाही. तुमच्या पेशी आहेत. त्या तुमच्या शरीरात शिकल्या. यांचं शरीर त्यांना परकं वाटतंय."

"परकं? ताई?"

"त्यांना ताई कळत नाही."

"मग परत काढा ना. माझ्याच आहेत त्या."

काढता येत नव्हत्या. दाबून ठेवायचं औषध होतं, पण फार दाबलं तर जंतूंना रान मोकळं. मला मामाचा संताप आला. दोन दिवस आधी कळलं असतं तर, असं मी विचारलंही. डॉक्टरीणबाई औषधाचा कागद लिहू लागल्या.

आईच्या हाताची सालं निघत होती. मामा मलम लावायचा, गालावर वस्तरा फिरवतो तेवढ्या हलक्या हाताने. आई म्हणाली, "लहानपणीही असाच ओरबाडायचास मेल्या." ती हसली. मामा दुसऱ्या हाताला मलम लावू लागला.

औषध वाढवलं, लाली थोडी ओसरली आणि छातीत जंतू शिरले. आई गेली.

घरी माणसं जमली. जो तो मामाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "स्वतःच्या हाडातलं काढून दिलंस. भाऊ असावा तर असा."  मग मामाने मला दाराशी ओढलं. 

"त्यांना सांग ना गं," तो म्हणाला, "हे बोलू नका म्हणावं."